दाजींचा टॅब

आमच्या दाजींच्या टॅबचं सांगितलं का तुम्हाला? चाकूरहून इस्लापूरला आमच्याकडं आले, अन् जंगलातून पायी धबधब्याला जायचं ठरलं. म्हणाले, "रेंज नसली तरी चालतंय. नकाशा डाउनलोड करून आणलाय."

दाजी पुढं, आम्ही मागं. ते उजवीकडं वळले, तसं मी वडिलांकडं पाहिलं. धबधब्याची वाट डावीकडं. वडील हळूच म्हणाले, "गप चल. जावयाला चुकलं म्हणतेत का?"

दुपार झाली, पाणी संपलं. शेवटी ताईनं टॅब हिसकावला. पडद्यावर एक निळा ठिपका, बाकी सगळं कोरं.

"अहो, नकाशा कुठंय?"

"चाकूरचा हाय. इथला घ्यायचा राहिला," दाजी म्हणाले. "पण मामा गुमान मागं येत होते, म्हणून मला वाटलं वाट बरोबरच हाय."