वक्र्याच्या मॅचला नेलेली हळद

हसा खुशाल, पण ती मॅच माझ्या हळदीनं जिंकली, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन.

कतारमध्ये, दोह्यात आमचे हे एका ऑस्ट्रेलियन कंपनीत फोरमन होते. तिथले साहेब त्यांचा तो लांबट चेंडूचा फुटबॉल खेळायचे, एकमेकांच्या अंगावर चढून! दोह्याजवळच्याच वक्र्या गावात दुसऱ्या कंपनीशी मॅच होती. मध्यंतरालाच आमचे निम्मे साहेब सुजून बसले. मी हळद-आंबेहळदीच्या लेपाचा डबा उघडला.

हे कुजबुजले, "अगं, साहेबांना फासू नकोस, नोकरी जाईल माझी!"

"आणि हरले तर काय पेढे वाटणार आहेत?" म्हणत मी गाल, माना, गुडघे सगळं माखून काढलं.

पिवळेधमक साहेब मैदानात उतरले, तशी समोरची टीम मागे सरकायला लागली. त्यांचा कॅप्टन धावतच माझ्याकडे आला. माझं इंग्रजी डब्यांवरची लेबलं वाचून शिकलेलं, तरी त्याचा प्रश्न बरोबर कळला.

"यांना कावीळ झालीय का?"

"मी काय डॉक्टर आहे?"

मग कुणी आमच्या माणसांना हात लावेना. जिंकलो!

पुढच्या शुक्रवारी मॅचच्या आधीच दारात अठरा साहेब रांगेत उभे, एकालाही साधं खरचटलेलं नाही. आणि सगळ्यांत पुढे आमचे हे, वाटी घेऊन.