सहाचा आकडा

—नाही हार्लन, आता गाडी खाली घेत नाही. चारही चाकं काढून भिंतीला लावलीत, गाडी छातीएवढी वर आहे, तू जाणार कुठे? बस. ती खुर्ची घे, दुसरीचा पाय हलतो. कॉफी सकाळची आहे, पण काळी आहे नि गरम आहे, त्यापलीकडे तू कॉफीकडून कधी काही मागितलेलं मला तरी आठवत नाही. पुढची चाकं मागे नि मागची पुढे, एवढंच करायला आलास ना — करतो. पण गाडीतून उतरता उतरता तू विचारलंस, 'ऑरिन, हे कंपनीतून आलेले टायर यंदाचा हिवाळा काढतील ना?' — सहज विचारलंस, उद्या वारा सुटेल का विचारावं तसं. त्याचं उत्तर सहज देता येत नाही. म्हणजे मला येत नाही. पूर्वी यायचं.

इकडे ये, अंगठा लाव. मऊ लागतो ना? सप्टेंबर आहे म्हणून. कंपनीवाले टायर निवडतात ते गाडी खपावी म्हणून. शोरूममधून बाहेर काढली की आवाज येऊ नये, पाळण्यासारखी चालावी, पेट्रोल कमी प्यावं — आणि ते काम हे टायर चोख करतात, मी त्यांना नावं ठेवत नाही. डांबरी रस्ता, उन्हाळा, मागचा हौदा रिकामा — चाळीस हजार मैल बिनबोभाट. पण आपल्याकडे डांबर आहे कुठे? मोन्टॅनाच्या ह्या कोपऱ्यात अर्धा जिल्हा खडीवर चालतो. खडी काय करते, नक्षीच्या कडा गोल करते. खोली तेवढीच राहते, धार जाते. बोथट सुरीसारखं — पातं सगळं जागेवर, पण पाव कापायला गेलास तर पाव चेपतो. आणि थंडी उणे वीसला गेली की हाच रबर लाकूड होतो. वरून दिसतं छान. पकड म्हणशील तर ओल्या साबणाची. बाजूला बघ, ही दोन अक्षरं, एम नि एस — चिखल नि बर्फ. ती कुणीही छापतं, त्याला काही लागत नाही. डोंगराच्या आत बर्फाची चांदणी असते तो शिक्का वेगळा, तो परीक्षा दिल्याशिवाय मिळत नाही. तुझ्या टायरवर तो नाही. वर्नाच्या जुन्या गाडीच्या टायरवरही नव्हता. तेही कंपनीतूनच आलेले.

बघ, तिचं नाव काढलं की तू दाराबाहेर बघायला लागतोस. तुझी बायको आहे, हार्लन. माझी असती तर मीही बघितलं असतं म्हणा.

ह्या वह्या दिसतायत ना फळीवर? अठरा आहेत. ह्या दुकानात आलेली प्रत्येक पिकअप — तारीख, मैल, चारी चाकांची नक्षी किती उरली, मालक खडीवर चालवतो की डांबरावर, मागे घोडे वाहतो की नुसता कुत्रा. कुणी शिकवलं नाही, कुणी मागितलं नाही. माझी बायको मार्गित होती तोवर म्हणायची, लोक रात्री बायबल वाचतात, आमचा माणूस टायर वाचतो. वाचतोच. नवीन टायरची नक्षी दहा-अकरा असते — इंचाचे बत्तीस भाग केले तर त्यातले दहा-अकरा. दोनवर कायदा सांगतो फेका. पण बर्फात पाचाच्या खाली गेलास की कायदा तुला वाचवायला येत नाही. कंपनीचे टायर खडीवर दहावरून सहावर यायला किती मैल घेतात ते मी तुला झोपेत सांगेन. चार-चार आकडे, अठरा वह्या. एकही आकडा अंदाजाने नाही. मी असं म्हणायचो. सगळ्यांना सांगायचो, चर्चमध्ये कॉफीला उभं राहून सुद्धा सांगायचो, तू ऐकलंयस.

तर तुझं उत्तर. तू एकटा चालवणार असशील, घर ते गाव अकरा मैल, तर कसेबसे काढतील. पण वर्ना पुन्हा टपाल वाटायला लागली की रोजचे चौऱ्याण्णव मैल, त्यात साल्ट क्रीकची उतरण — मग हे नकोत. चांदणीवाले चार मी जूनपासून वेगळे काढून ठेवलेत. मागच्या खोलीत आहेत, वर तिचं नाव लिहिलंय. तू नवी गाडी आणलीस त्याच आठवड्यात मागवले.

काय म्हणालास?

नाही, ऐकलं मी. कॉम्प्रेसर बंद करतो, परत सांग. — चालवणार नाही म्हणजे? डॉक्टर म्हणाले? मग कोण म्हणालं? तू. बरं. पत्र कसलं? ... तेवीस वर्षांचा रूट सोडायचा म्हणजे 'एक पत्र टाकलं की झालं' असं नसतं रे. आणि सही? तिने सही केली? काय म्हणाली सही करताना? — काहीच नाही म्हणाली. हो. काहीच म्हणाली नसणार. टाकलंस का पोस्टात? म्हणजे खिशात आहे अजून. इथून तिकडेच निघालायस. पोस्ट साडेचारला बंद होतं, आता तीन वाजून दहा.

तू कॉफी पी. मी ह्या चाकाच्या खाचेतले खडे काढतो, हातांना काही हवं.

गेल्या हिवाळ्यापासून मी तुझ्या तोंडून ते वाक्य ऐकतोय. कॅफेत, धान्याच्या कोठारापाशी, हरणाच्या शिकारीला गेलो तेव्हा तंबूत सुद्धा. 'तीनदा सांगितलं तिला. तीनदा. ऑरिनकडे जा, टायर बदलून घे. बाईसाहेबांना फुरसत नाही झाली.' लोक हसतात. मार्चमधली गोष्ट आठवते? ती पहिल्यांदा कुबडी घेऊन कॅफेत आली, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, जिला टायर कळत नाहीत तिच्या हाती स्टिअरिंग कशाला, मी माझ्या गाडीच्या चाव्याच लपवल्यात. ती कॉफी ढवळत होती. साखर घालत नाही ती, तीस वर्षं मी बघतोय, तरी ढवळत होती. आणि तिने मान वर करून एकदा बघितलं. तुझ्याकडे नाही. माझ्याकडे. मी काय केलं? बशीतल्या ॲपल-पायचा तुकडा खाल्ला. मूग गिळून बसलो, वर ॲपल-पाय गिळला.

हार्लन, ती आली होती.

इथे. ह्या दारात. एकोणीस ऑक्टोबर, पहिला बर्फ पडला त्या सकाळी. तू बस, बस आधी. तुला माहितेय पहिल्या बर्फाच्या दिवशी इथे काय असतं. वर्षभर हवामान सांगत असतात, कुणी हलत नाही, आणि सकाळी अंगण पांढरं दिसलं की अख्खा जिल्हा एकाच तासाला माझ्या दारात. रांग पार धान्यकोठारापर्यंत गेली होती. सत्तावीस गाड्या. जो तो हॉर्न वाजवतोय, आत बर्गस्ट्रॉम म्हाताऱ्याचं चाक गंजून बसलेलं, निघेना. आणि वर्ना रांग सोडून सरळ आत आली, कारण तिचं टपाल गाडीत पडलेलं, दहाच्या आत निघायचं. म्हणाली, 'ऑरिन, हार्लनने पिच्छा पुरवलाय. बघ एकदा. हे कंपनीचे टायर एवढा हिवाळा काढतील का?' — तू विचारलंस तेच. शब्द सुद्धा जवळजवळ तेच.

आणि आपण काय करतो? ओळखीच्या माणसाला शेवटी बसवतो. अनोळखी चिडेल, निघून जाईल, दुसऱ्या गावात जाऊन नाव खराब करेल — ओळखीचा कुठे जातोय. मी ह्या दुकानात तेच केलंय जन्मभर, त्याला मैत्री म्हणत आलोय. मी म्हटलं, 'वर्ना, अगं ह्यांना काय झालंय, एवढा हिवाळा आरामात काढतील. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगनंतर ये, गर्दी ओसरली की निवांत बदलू.' ती म्हणाली, 'नक्की?' मी म्हटलं, 'मी सांगतोय ना.' हसली. जाताना बर्गस्ट्रॉमला म्हणाली, ह्या माणसाने सांगितलं म्हणजे दगडावर कोरलं. मग थँक्सगिव्हिंग झालं, ख्रिसमसची टपालं आली, तिला वेळ झाला नाही आणि मी बोलावलं नाही. आणि जानेवारीत साल्ट क्रीकच्या उतरणीवर गाडी उलटली. पुढचं तुला माहितेय. दोन तास ती सीटच्या पट्ट्याला उलटी लटकत होती, बर्फ काढणारा ट्रक येईपर्यंत.

हो. आली होती. तुझं ऐकून आली होती.

थांब, वही काढतो. पुरावा म्हणून नाही. बघच. ही सतरावी — ऑक्टोबर — एकोणीस. बर्गस्ट्रॉम, पुढचं डावं चार, उजवं साडेचार. हा दुसरा, हा तिसरा. आणि हे, वर्ना स्कोगेन. पुढे सहा, सहा. मागे सहा, सहा. चारी सहा. हार्लन, तू टायरवाला नाहीस, पण तेवीस वर्षं खडीवर चालणाऱ्या बाईच्या गाडीची चारी चाकं सारखी झिजतील का? हा सहाचा आकडा —

मी मापलं नव्हतं.

गाडी बाहेर रस्त्यावर उभी होती. मी दारातून बघितली. वीस पावलांवरून. नक्षी मापायची पट्टी माझ्या ह्याच खिशात होती. रात्री वही लिहायला बसलो तर तिच्या नावापुढे जागा रिकामी. रिकामी जागा मला बघवत नाही. मी सहा लिहिलं. पाच लिहिलं असतं तर सकाळी तिला फोन करावा लागला असता, म्हणून सहा लिहिलं. त्या क्षणी माझ्या मनात हेच आलं होतं, मी ते विसरलेलो नाही. नंतर ती दवाखान्यात असताना मी भंगाराच्या आवारात गेलो. तिची गाडी कुशीवर पडलेली. गुडघ्यावर बसून मापलं. पुढे पाच. मागे चार. मागच्या उजव्याची आतली कड तीन. अठरा वह्या, हार्लन. एकच आकडा खोटा आणि तो तिचा. खोडलाही नाही. खोडला तर मग काय उरलं.

ती का बोलली नाही, हेच ना? ऑक्टोबरात म्हणे तिने ठरवलं, टायर बदलले की मगच तुला सांगायचं. मी तिला दवाखान्यात जाऊन सगळं सांगितलं. वीस पावलांसकट. म्हटलं, आज संध्याकाळी हार्लनला सांगतो. तिचा पाय त्या लोखंडी सळ्यांत अडकवलेला, बोलताना धाप लागत होती, आणि ती म्हणाली, 'नको. माझ्यावर तो एक हिवाळा ओरडेल. तुझ्याशी तो जन्मभर बोलणार नाही. त्याला दुसरा मित्र नाही, ऑरिन.' तसं म्हणाली. मी मान हलवली. सोपं होतं ना मला ते. दिलेला शब्द पाळतोय, असं म्हणत मजेत गप्प बसता येतं. फक्त तिला तरी कुठे माहीत होतं, की एक हिवाळा ओरडून झाल्यावर तू तिच्या चाव्या घेशील आणि नवव्या महिन्यात तिच्यापुढे कागद धरशील. आणि ती माझ्यापायी सही करेल. मी आज शब्द मोडला. तिला सांग, ऑरिनने मोडला. नाही तर मी सांगेन.

असा उभा राहू नकोस दारात, वारा आत येतो. — नाही, उभा राहा. उभा राहा हवं तर.

चाकं चढवतो. कंपनीचीच चढवतोय, तू तेवढंच सांगितलंस. ते मागच्या खोलीतले चार तिच्या नावाचे आहेत, तिथेच राहतील, माझ्याकडून बसवून घ्यायचे नसतील तर दुसऱ्या कुणाकडून बसवा, मी हौद्यात टाकून देतो. ... हे असं समोरासमोरचे नट आवळायचे, एक इकडचा, एक तिकडचा. ओळीने आवळले तर चाक तिरकं बसतं. पान्यातून कट् आवाज आला की थांबायचं. ऐक. कट्. मोजतोय मी. चोवीस. चोवीसच्या चोवीस मी स्वतः आवळलेत, हाताने, तुझ्यासमोर.

झाली खाली. साडेतीन वाजलेत.

नको. पैसे नकोत, ते पाकीट आत ठेव. नाही — पत्रही त्याच खिशात आहे होय, तेच चाचपतोयस.

एवढं मात्र मी प्रत्येकाला सांगतो, तुलाही सांगतो. काढून चढवलेलं चाक सुरुवातीला थोडं बसतं, नट किंचित सैल होतात. पन्नास मैल झाले की पुन्हा आवळून घ्यावे लागतात. इथे नाही आलास तरी चालेल, पुढच्या गावात जा. पण आवळून घ्या. आणि तेव्हा जो कोणी चालवत असेल त्याने गाडी आणायची, तूच असायला पाहिजेस असं नाही.

चावी त्या खिळ्यावर आहे. जा.