अडकणारं पॅकेज

फायबरचं पॅकेज लोक पिक्चर बघायलाच घेतात, असं वाटत असंल तर आमच्या बोरीतल्या शिवकांताकाकूचं ऐका. शेजारीण माझी. काका वारले, एकुलता लेक महेश पुण्याला. नेट बसवणाऱ्यानं तीन पॅकेजं सांगितली. काकूनं एकच इचारलं, "कोन्त्यात माझा लेक अडकणार न्हाई?"

"मोठ्यात," तो म्हणाला. मी बी मान डोलावली. काकूनं मोठं घेतलं.

महिनाभरात काकूनं मला हाक मारली. "बाबा, हे नेट बदलून दे. लय पळायलंय."

"चांगलंच हाय की काकू. महेश नीट दिसतो ना आता?"

"दिसतो की. दाढी पिकायलीय त्याची, ते बी दिसतं."

"मग बिघडलं काय?"

सकाळची पूजा झाली की काकू लेकाला व्हिडिओ कॉल लावायची, एवढं मला ठाऊक होतं. पुढचं तिनं तवा सांगितलं.

"आधी मोबाईलच्या नेटवर त्याचं तोंड अडकून बसायचं. मग मी काचेवरूनच त्याच्या कपाळाला विभूती लावायची. तीन बोटांनी, निवांत. आता कामात हाय म्हणतो, अन् माझी बोटं पोचायच्या आत फोन ठेवतो."

काकूनं पदरानं मोबाईलची काच पुसली.

"ते अडकणारंच दे, बाबा. अडकला की घडीभर बसायचा तरी माझ्यासमोर."