सात नंबरच्या शर्टावरची नीळ

माझं नाव रशिदा. गाव रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. लग्न होईपर्यंत मला काय येत होतं म्हणाल तर विहिरीचं पाणी शेंदायचं आणि दगडावर कपडे आपटायचे, आणि काय सांगू तुम्हाला ताई, त्याच एका विद्येवर मी दुबईत एकोणीस वर्षं काढली. आमचे हे रास अल खोरला भाजीच्या होलसेल मार्केटात कामाला, आणि तिथून चालत पाच मिनिटांवर मी कामाला जाते ती लाँड्री. हॉटेलांच्या चादरी, शाळांचे युनिफॉर्म, सगळं माझ्या हाताखालून जातं. पांढऱ्याच्या बाबतीत मला कुणी नावं ठेवलेली खपत नाहीत. अम्मा म्हणायची, पांढरा कपडा नुसता स्वच्छ असून भागत नाही, त्याला थोडी नीळ लागते. ती नीळ मी अजून गावाहून मागवते. मशीन किती का मोठी असेना, शेवटच्या पाण्यात माझे चार थेंब पडतातच, मॅनेजरला पत्तासुद्धा नसतो.

तर गेल्या थंडीत आमच्याकडे बायकांच्या फुटबॉलचं काम आलं. चार देशांच्या पोरी इथे खेळायला आलेल्या. क्वालिफाइंग ग्रुप म्हणतात त्याला, मला कुठलं माहीत, माझी लेक सना म्हणाली, ममा, फोर टीम्स, ओन्ली वन गोज थ्रू. म्हणजे प्रत्येकीने प्रत्येकीशी खेळायचं, जी वर राहील ती पुढच्या मोठ्या स्पर्धेला, बाकीच्या आपापल्या घरी, खलास. सना ऊद मेथाला शाळेत शिकली, आता कॉलेजात आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आमचं दोघींचं बरं चाललंय.

त्यातल्या एका टीमचे कपडे माझ्याकडे होते. लहानसा देश, नाव अजून माझ्या तोंडात बसत नाही. शेवटच्या मॅचला त्यांना पांढरे शर्ट घालायचे होते, कारण समोरची टीम आकाशी रंगाची. ती मॅच जिंकली तरच या पोरी पुढे जाणार होत्या. मला वाटलं, एवढ्या मोठ्या दिवशी शर्ट कसे झगझगीत दिसले पाहिजेत. मायेपोटी हो, चाराच्या जागी किती थेंब पडले ते मोजलंच नाही. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली बघितले तर छान दिसले. सकाळी उन्हात एक उघडला, तर काय! सगळा शर्ट निळसर, घड्यांत तर ढगासारखे डाग. ते कापड आपल्या सुती कापडासारखं नव्हतं, नीळ एकसारखी बसलीच नाही.

संध्याकाळी मॅच. आकाशीसमोर निळसर शर्ट, रेफ्री कशाला चालवून घेईल? त्यांची कपडे सांभाळणारी एक ठेंगणी बाई होती, ती शर्ट न्यायला आली आणि बघून खालीच बसली. मॅनेजर ओरडला, किसने किया? मशीन खराब आहे म्हणून मोकळी झाले असते. पण एकोणीस वर्षांत मी मशीनवर ढकललेलं नाही. मी म्हटलं, मैंने किया, मैं ही निकालूंगी, दोपहर तक का वक्त दो. तो म्हणाला, नहीं निकला तो कल से मत आना.

आमच्या ह्यांना फोन केला, म्हटलं लिंबं पाठवा. ते म्हणाले, किती, पाव किलो? म्हटलं, दोन पेट्या. अर्ध्या तासात पेट्या दारात, चांगला माणूस आहे. मग मी, ती ठेंगणी बाई आणि इस्त्रीवाल्या दोघी, चौघी बसून लिंबं पिळत सुटलो. मॅनेजर दाराशी येऊन यल्ला, यल्ला म्हणत घाई करत होता, शेवटी त्यानेही बाह्या सरसावल्या. कोमट पाण्यात लिंबाचा रस, त्यात शर्ट, परत पाणी, परत रस. तीन वेळा केलं तेव्हा कुठे निळं उतरलं. वाळवून एकेक उन्हात धरून बघितला. सात नंबरच्या शर्टाला मात्र बगलेत शिवणीपाशी करंगळीच्या नखाएवढा डाग राहिलाच. वेळ संपली होती.

सना म्हणाली, ममा, वी आर गोइंग. आम्ही दोघी जाऊन बसलो. पोरी बाहेर आल्या, दिव्यांत त्यांचे शर्ट असे पांढरे, की माझाच ऊर भरून आला. खेळ मला कळत नाही, मी शर्टच बघत होते. घसरून पडलीस, बाई, आता ते गवताचं कोण काढणार, असं माझं चाललेलं. खेळ संपत आला तरी कुणाचा गोल नाही. आणि मग गोल झाला. कोणी मारला? सात नंबरने. ती पोर दोन्ही हात वर करून आमच्याच बाजूला धावत आली आणि मोठ्या पडद्यावर तिची बगल अन् माझा डाग. मी लाजेने पदर तोंडाला लावला. तर सना बाकावर उभी राहून आजूबाजूच्यांना सांगतेय, दॅट्स माय मदर्स ब्लू. कॉलेजात आई लाँड्रीत आहे हे कधी न सांगणारी पोर, ताई. मी पदर खाली घेतला.

शर्ट दुसऱ्या दिवशी धुवायला आले, लिंबाचा वास होताच. ठेंगण्या बाईने सात नंबरचा वेगळा काढून हातवाऱ्याने सांगितलं, हा डाग राहू दे, पोरीने सांगितलंय. एका लिंबाचं काम होतं. नाही काढला. एकोणीस वर्षांत मी मुद्दाम ठेवलेला तेवढा एकच डाग. आता त्या पोरी मोठ्या स्पर्धेला जातील, सोबत माझ्या अम्माची नीळही जाईल. इन्शाल्ला जिंकतील. नाही जिंकल्या तरी अल्ला त्यांचे पाय शाबूत ठेवो, शर्टांचं मी बघून घेईन.