सोळा तासांत न धरलेलं

...आणि वर हसतो हो! जावई माझा, फोनवर हसतो! म्हणे, "बाबा, सोळा तासांचा तर प्रश्न! जेवलात, डुलकी काढलीत, की पोचलात!" तुम्हाला सांगतो, मी शिंपी माणूस, चाळीस वर्षं मापं घेतोय, पण शिवणीसाठी कापड न सोडता माप सांगणारा हा पहिलाच!

झालं काय, मुलीचे दिवस भरत आलेले, आणि राहते कुठे? तेरा हजार किलोमीटरवर! तारीख शुक्रवारची, आम्ही निघालो मंगळवारी. आमच्या हिचा हिशोब पक्का, "बाळाच्या आधी मी पोचणार!"

घर ते विमानतळच पाच तास. वाटेत हिला तीनदा उलटी. मी फोन लावला, "जावईबापू, पाच तास इथेच गेले!"

"बाबा, ते त्यात धरत नाहीत."

बरं! विमानतळावर तीन तास आधी हजर. बाळाची झबली तिथे बेतेन म्हणून हातातल्या पिशवीत कात्री ठेवलेली, ती काढून घेतली. माझी कात्री! मग विमानात बसलो तर विमान जमिनीवरच. एक तास... दोन तास... ती हवाई बाई गोड आवाजात, "आपण लवकरच निघत आहोत..." अहो, कधी? पुन्हा फोन.

"बाबा, तेही त्यात धरत नाहीत."

मग धरतात तरी काय?

उडालो एकदाचे. समोरच्या पडद्यावर एवढंसं विमान आणि खाली उरलेलं अंतर. ही त्याच्याकडे टक लावून, जशी गॅसवर दूध ठेवून बसलीय! "अहो, विमान थांबलंय!"

"थांबलं तर पडेल ना गं!"

"मग पुढे का सरकत नाही?"

निम्म्या वाटेत एकाच्या छातीत कळ आली, विमान भलत्याच गावी उतरवलं. डॉक्टरने तपासलं, तर काय? गॅस! चार तास गेले त्या ढेकरेपायी! मी तावातावाने फोन लावला, म्हटलं आता ऐकवतोच याला... तर पलीकडे हसू नाही.

"बाबा... तिला आत नेलंय. तुमची आठवण काढतेय."

फोन बंद करा म्हणाले. पुढचे आठ तास हिने पडद्याकडे पाहिलं नाही. माझा हात धरून बसली, चारचौघांत, लग्नानंतर पहिल्यांदाच. ते आठ तास कशात धरायचे, सांगा ना?

उतरलो तर ही लांब रांग. खिडकीतला साहेब विचारतो, येण्याचं कारण? ही थेट मराठीतून, "माझी पोर बाळंत होतेय, मार शिक्का!" मारला हो त्याने!

बाहेर जावई. दाढी वाढलेली, शर्ट उलटा घातलेला, आणि ढसाढसा रडतोय. मी हातातली पिशवी तिथेच टाकली. "मुलगी झाली, बाबा... दोघी ठीक आहेत." एवढा जाणता माणूस, पण आधी ठीक आहेत म्हणायचं, मग रडायचं की नाही?

दवाखान्यात ही जी आत घुसली ती बाळ घेऊनच बसली. मी हात पुढे केले, तर म्हणते, "आधी हात धुवा!" धुतले. "वाळवा!" वाळवले. परत येतो तर, "श्शू! आत्ताच डोळा लागलाय."

तेरा हजार किलोमीटर आलो मी... आणि नातीपासून चार फुटांवर खुर्ची दिलीय. बसलोय.