पंख्याला बांधलेला हार

सई आणि अद्वैत,

या सुट्टीत आल्यावर पुन्हा धरणावर बोटीत बसायचं, पोहायचं, असं तुम्ही फोनवर म्हणालात, म्हणून हे आताच लिहिते आहे. मागच्या खेपेला पोहून आल्यावर सईच्या पांढऱ्या टॉवेलला पिवळट, चिकट डाग पडला होता आणि तो काही केल्या निघाला नाही. हा कसला डाग, असं तुम्ही विचारलंत, तेव्हा मला सांगता आलं नव्हतं. परवा आपल्या कुसगावच्या घरी पाण्याचा पंप दुरुस्त करायला नामदेव आला होता. धरणावरच्या बोटींच्या मोटरी दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. मी त्याला त्या डागाबद्दल विचारलं आणि पंप बाजूला राहिला. त्याचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं आहे. फक्त शिव्या गाळल्या आहेत, आणि त्या बऱ्याच होत्या.

आमी धरणाच्या काठचं, काकू. म्हंजी आदी काठचं न्हवतोच, आदी खाली व्हतो, आता जितं पानी हाय तितं आमची भातखाचरं व्हती, पानी चढलं तसं आमी वर चढलो. शेती ऱ्हायली तुकडाभर, म्हून मी मिसरूड फुटलं तसा बोटीवाल्यांकडं कामाला लागलो. तितं एक उस्ताद व्हता, नेव्हीतनं रिटायर झालेला, लोनावळ्यात ऱ्हायचा, त्याला मराठी धड येत न्हवतं आन मला हिंदी. त्यो एकच सांगायचा, पहले सूंघो, फिर खोलो. आदी वास घे, मंग पाना लाव. बोटीच्या मागं टांगलेली मोटर गळाया लागली की लोकं लगी पाना घेऊन भिडतात. उस्ताद आदी मोटर फडक्यानं कोरडी करायचा, खाली पुठ्ठा आंथरायचा आन बिडी वढत बसायचा. थेंब कुटं पडतोय ते बगायचं, मंग बोटावर घ्यायचा. उडून गेला आन नुस्ता वास ऱ्हायला तर पेट्रोल. काळा असला तर इंजिनाचं आइल. आन घट्ट, मधावानी, नासलेल्या अंड्याचा वास मारनारा असला तर त्यो खालच्या गेरचा. खाली पान्यात पंखा फिरतो ना, त्याच्या डोक्यावरच्या डबीत ह्ये आइल असतंय. तुमच्या नातीच्या टावेलाला त्येच लागलं. त्ये न्हाई निघायचं, टावेल फेकून द्या.

आता कोन वास घेतंय, काकू? मला किळस येती आता त्या काठावर जायाची. माझा चुलतभाऊ हाय, बबन, त्याच्या बोटी हायेत, तंबू हायेत, शनवार-रविवार पोरंपोरी येऊन नाचत्यात. काय सांगू तुमाला त्याची अक्कल. मोटर चालू असली की मागनं एक पान्याची बारीक धार उडती, ती उडायाच पायजे, इंजिन गार करून पानी भाईर पडतंय त्ये. एका गिऱ्हाइकानं इचारलं, भाऊ, तुमची मोटर गळतीय वाटतं. ह्या शान्यानं काय केलं, त्या भोकात लांबी भरली, खिडकीच्या काचंला लावत्यात ती. म्हनला गिऱ्हाइकापुढं शोभा नको. इंजिन जळालं की माझ्याकडं आला, म्हनला नामा, बग रं, गळती तर मी बंद केली व्हती. मी म्हनलं तुजं तोंड बंद कराया पायजे व्हतं.

पर त्ये इंजिन त्याचं एकट्याचं व्हतं, जळू दे. फुडलं सांगतो त्ये सगळ्या गावाचं हाय.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजत्यात. पूर्वी कोयता, नांगर पुजायचो, आता मोटरी पुजतो. हळदकुकू, नारळ, आन पंख्याला झेंडूचा हार. आमची आई हार ववायची त्यो केळीच्या सोपटात. सोपट म्हंजी केळीच्या खोडाची साल वाळवून दोरा काढायचा. त्यो चार रोज टिकायचा, पान्यात गेला की कुजायचा. आता बाजारात तयार हार मिळतो नायलानच्या दोरीतला. आन पूजेचा हार आपल्या हातानं तोडायचा न्हाई, आपसूक गळू द्यायचा, ही आमची रीत. मंग काय व्हतंय, हार बांधलेला तसाच बोट चालू करत्यात. फुलं गेली उडून, दोरी बसली पंख्याच्या दांड्याला गुंडाळून, आन ती दोरी आत सरकत सरकत सील कापती. सील म्हंजी रबराची चकती, आइल आत आन पानी भाईर ठिवनारी. ती कापली की आइल भाईर आन पानी आत.

एका साली दसरा होऊन थोडं दीस झालं आन बाया बोंबलाया लागल्या, नळाच्या पान्याला वास येतोय, भातावर तवंग येतोय. आमच्या नळाची विहीर धरनाच्या कडंलाच हाय आन बबनच्या बोटी तिच्या तोंडाशीच बांधलेल्या. बबन म्हनला, पाऊस सरला की वास येतोच. मंग म्हनला नामानं मोटरी नीट बसवल्या नसतील. म्हंजी माझंच नाव! माझी म्हातारी आई त्येच पानी पीत व्हती, काकू, तिच्या पोटात कळा यायच्या. म्हातारी म्हनली, लोकं म्हनत्यात तुज्या हातानं झालं. मी म्हनलं थांब, बगतोच.

मी सगळ्या मोटरी काठावर घेतल्या, कोरड्या केल्या, पुठ्ठं आंथरलं आन बिडी वढत बसलो. बबन म्हनतो शनवार आलाय आन तू बिडी काय वढतोस? मी म्हनलं काम करतोय. पुठ्ठ्यांवर थेंब पडलं. वास घेतला, अंड्याचा. खालचा स्क्रू ढिला केला तर आइल आलं दुधाच्या चहावानी पांढरट. म्हंजी पानी आत गेलेलं. पंखा काढला तर आत ही नायलानची दोरी, तिला अजून एक झेंडूचा देठ चिकटलेला. दुसरी काढली, त्येच. ज्या मोटरीला हार व्हता त्या समद्या गळत व्हत्या. बिनहाराची एक जुनी व्हती, ती कोरडी.

म्या त्या दोऱ्या नेल्या देवळात, सगळ्यांफुडं ठिवल्या. म्हनलं ह्यो बगा गुन्हेगार. तर एक म्हातारा म्हनतो, आरं देवाचा हार त्यो, देवाला नाव ठिवतोस? मी म्हनलं आबा, देव न्हाई म्हनत नायलान आना. तेवढ्यात मागनं एक बाई म्हनली, आवो, ह्ये बबनभाऊ सकाळी सकाळी पान्यात धुन्याची पावडर टाकत्यात, काय कपडं धुत्यात का काय? मला तवा कळलं. तवंग दिसू ने म्हून ह्यो पावडर टाकत व्हता! तवंग फुटतो, दिसत न्हाई, आन आइल आन साबन दोनी गावाच्या पोटात. गळती लपवाया इख कालवत व्हता.

बबन काय दबतोय? म्हनला पान्याला काय बी झालं न्हाई, मी बी ह्येच पितो. तर बायांतनं त्याची बायको, कुसुमवयनी, अशी सरळ म्हनली, कुटं पिताय? आपल्याकडं इकतच्या पान्याचा जार येतोय की.

आदी हसली लोकं. मंग कुनीच हसंना. एकीनं नळाचा गिलास भरून आनला, बबनच्या हातात दिला, म्हनली प्या भाऊजी. त्यानं गिलास धरला, पान्याकडं बगितलं, लय येळ बगितलं. मंग म्हनला, माजा घसा धरलाय. आन गिलास पायरीवर ठिवून गेला.

तुमाला वाटंल आता सुदरलं आसंल. कुटलं वो! मी सीलं बदलून दिली, बोटी विहिरीपासनं लांब न्यायचं ठरलं, आठ-पंधरा दीस नेल्या, परत हितंच. गिऱ्हाइकाला चालाया नको म्हनं. फुडल्या दसऱ्याला परत नायलान. मी म्हनलं बबन्या, सोपट आन. तर म्हनतो, नामा, सोपटाचा हार फोटोत दरिद्री दिसतो. म्या पाना ठिवला खाली. म्हनलं हितनं फुडं मी तुज्या मोटरीला हात लावनार न्हाई. तवापासनं ह्ये तुमचं पंप, विहिरीच्या मोटरी, ह्येच करतो. कुसुमवयनी तेवढी घरच्या मोटरसायकलीला सोपटाचा हार घालती. तिला तवा लय शिव्या पडल्या, पर ती बी जार पीत न्हाई आता.

पोरांना सांगा, काठावर बसा, बगा, पर त्या पान्यात उतरू नका. वर डोंगराला, वाडीच्या मागं एक झरा हाय. नळ आला तवा बायांनी सोडला व्हता, आता परत हंडं घेऊन चढत्यात, कुसुमवयनी बी, म्हातारी बी त्येच पिती. ऊन लय झालं तर धार बारीक व्हती, पर थांबत न्हाई. त्या झऱ्याचं पानी अजून चांगलं हाय.