भट्टीच्या वाटेवरची करपाई

या गं, या. सरकून बसा. आज सटवीची रात्र, बाळाला एकटं सोडायचं नाही, तेव्हा झोप कुणालाच नाही. ए सुले, तुझा तो हीटर आधी बंद कर बघू. थंडी आहे? असू दे थंडी. घोंगडी घे. मला विचारतेस कशाला म्हणून? सांगते. मन घट्ट करा आणि ऐका.

धामणवाडीची साळूबाई माहीत आहे ना? शेलारांची. उंच, हाडापेरानं मजबूत, गव्याला काठी दाखवणारी बाई. ती आता नाही. पण ती होती तेव्हाची ही गोष्ट. तिच्याच तोंडून ऐकलेली, तिच्या हाताला हात लावून.

तिची लेक वैजंता. उंबरटेकला दिलेली, डोंगराच्या पलीकडं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलेलं, पण दिवस भरायच्या आधीच पोरगी मोकळी झाली, तिकडंच. मुलगी झाली. साळूबाई जाऊन राहिली, न्हाऊमाखू घातलं, आणि गुरांचं बघायला म्हणून दोन दिवस घरी आली.

आणि नेमक्या त्याच संध्याकाळी जावयाचा फोन. उत्तमचा. "आत्याबाई, आमची आई पायरीवरनं पडली. खुबा गेलाय वाटतं. मी गाडीत घालून वाईला निघालोय. वैजा एकटी हाय घरी."

एकटी! ओली बाळंतीण, आठवड्याचं पोर, माघातली थंडी! साळूबाईनं विचार केला नाही. बॅटरी घेतली, काठी घेतली, डिंकाच्या लाडवांचा डबा फडक्यात बांधला आणि निघाली. शेवटची एसटी तर कधीच गेलेली.

आता बघा. उंबरटेकला दोन वाटा. एक गाडीरस्ता, डोंगराला वळसा घालून जातो, चालत गेलं तर अर्धी रात्र त्यातच. आणि दुसरी भट्टीची वाट. खिंडीतनं सरळ.

देवळापाशी दगडू तात्या बसलेला. म्हातारा माणूस, सगळं माहीत असलेला. त्यानं विचारलं, "कुठं गं निघालीस, साळू?"

"लेकीकडं."

"रस्त्यानं जा."

"तात्या, पोर एकटी हाय."

"म्हणूनच सांगतो. बाळंतिणीकडं निघालेल्या माणसानं ती वाट धरू नये. करपाई बसती तिथं."

करपाई माहीत नाही तुम्हाला? अगं, पूर्वी त्या खिंडीत कोळशाच्या भट्ट्या होत्या. लाकूड रचायचं, वर मातीचा लेप द्यायचा, आत धुमसू द्यायचं. भट्टीवाल्यांची झोपडी तिथंच. त्यातली एक बाई बाळंत झाली अशाच थंडीत. झोपडीची सगळी भोकं चिंध्यांनी बुजवली, पोराला थंडी नको म्हणून शेगडी उशाशी घेतली आणि झोपली. रात्री वास आला होता म्हणे जळकट. नवरा म्हणाला, काहीतरी करपलंय. ती म्हणाली, असू दे, भट्टीचाच असंल, ऊब जाईल, दार उघडू नका. बस्स. सकाळी झोपडीच्या जागी राख. नवरा, पोर, ती. तेव्हापासून ती तिथं आहे. दिसत नाही. तिचा वास येतो.

"वास आला तर हुंगू नको," तात्या म्हणाला. "मागं बघू नको. चालत ऱ्हा."

साळूबाई खिंडीत शिरली तेव्हा चांदणं नव्हतं. पानांवर दव पडायला लागलेलं. पाय वाजत होते तेवढेच. आणि मग आला. वास. अगदी हलका. कोठीत पडलेला तवा पावसाळ्यानंतर पहिल्यांदा चुलीवर ठेवला की धूळ जळते ना, तसा. साळूबाई म्हणाली, आली ही. चालत राहिली.

थोडं पुढं गेली तर वास बदलला. दूध! दूध उतू जाऊन करपल्याचा वास. तिच्या काळजात चर्र झालं. घरी चुलीवर दूध राहिलं की काय? घराला जाळ लागला की काय? वळलीच होती बघा, टाच फिरवली होती. तेवढ्यात आठवलं, दूध तर शेजारच्या अंजिराबाईला देऊन आले, चुलीत पाणी ओतून आले. टाच परत सरळ केली. अंगाला घाम, माघाच्या थंडीत!

मग केस जळल्याचा वास. तुमच्यापैकी कुणाचे केस कधी चुलीत जळलेत? मग कळेल. नाकातनं जात नाही. आणि वाटतं की आपलेच जळतायत. साळूबाईनं अंबाडा चाचपला. पदर झटकला. काही नाही. बॅटरी पिवळी पडत चाललेली. आणि उजव्या हाताला, खाली, जुन्या भट्टीच्या खड्ड्यात लाल उजेड. अगं, कित्येक वर्षांत तिथं कोळसा पडला नाही! पण खड्डा लालबुंद. इंगळ फुलल्यासारखा. साळूबाई त्याच्या अगदी काठावरनं गेली, वाटच तशी आहे, आणि तिच्या ध्यानात आलं की इतका मोठा जाळ आणि ऊब म्हणून नाही. तोंडावर गार वारा येत होता त्या विस्तवाकडनं. गार!

आणि खड्ड्यातनं बाळ रडलं.

मग हाक आली. वैजाचा आवाज. हुबेहूब! "आई! आई गं, जळतंय! पोर जळतंय!"

आई कशी थांबेल, सांगा? साळूबाईनं डबा टाकला, काठी टेकली, एक पाय खड्ड्यात घातला. माती सुटली. गुडघ्यापर्यंत पाय आत गेला. आणि त्या क्षणी तिच्या तोंडातनं आपोआप निघालं, "माझी वैजा मला आई नाही म्हणत. बय म्हणती."

झाला खड्डा काळा. फुंकर मारून दिवा विझवावा तसा.

साळूबाई वर आली, हातापायावर. उठली. चालायला लागली. आणि पाठीमागनं, अगदी मानेजवळनं, हळूच—

"बय..."

शिकली गं ती! लगेच शिकली!

मग साळूबाई पळाली. पाय फुटले, काठी गेली, तिला कशाची शुद्ध नाही. मागनं "बय, बय" असं येतंय, पुढनं जळका वास येतोय, मग डावीकडनं, मग डोक्यावरनं. एका जागी म्हणून तो वास थांबेना. उंबरटेकचे दिवे दिसले तशी एकदम शांत. हाक नाही, वास नाही. साळूबाईनं मोठा श्वास घेतला. म्हणाली, सुटले.

बायांनो, तिथंच ती फसली.

बाळंतिणीच्या घरी बाहेरनं येणारा माणूस काय करतो? दारात थांबतो, पायावर पाणी घेतो, थोडा टेकतो, मग आत येतो. आपल्या आयाबायांनी उगाच नाही घालून दिलं ते. पण साळूबाईला कुठला धीर? दार लोटलं आणि तशीच आत. ज्या पावलांनी खिंडीतनं आली त्याच पावलांनी बाळंतिणीच्या खोलीत.

आत सगळं छान. वैजा बाजेवर, कानाला फडकं, कुशीत पोर. खिडकी बंद, फटीत बोळे घातलेले. आणि बाजेच्या पायथ्याला हीटर. दोन लाल दांड्यांचा, झगझगीत. उत्तमनं त्याच दिवशी बाजारातनं आणलेला.

"बय! आलीस तू?" वैजा म्हणाली. तिला रडूच आलं.

साळूबाई तिच्याजवळ टेकली. आणि टेकली तशी नाकाला लागलं. जळकट. धूळ जळल्यासारखं. ती ताठ झाली.

"वैजे, वास येतोय का गं तुला?"

"हीटरचा हाय, बय. दुकानदार म्हणलाय, नव्याचा पहिल्यांदा येतो. आत धूळ बसलेली असती, ती जळती. घटकाभरानं जातो."

आता हे खरं होतं, खोटं नव्हतं. नव्या हीटरचा येतो तसा वास, आणि जातोही. साळूबाईचा जीव खाली बसला. वैजाला लाडू नाही देता आला, डबा खिंडीत राहिला, ते काही ती बोलली नाही. पोरीला थोपटत बसली. वैजाचा डोळा लागला.

घटका गेली. वास गेला नाही.

वास बदलला. आधी धूळ, मग रबर जळल्यासारखा. मग नासलेल्या मासळीचा, उग्र, घशाला झोंबणारा. साळूबाई मनात म्हणाली, ही करपाईच. माझ्या नाकात बसून आलीय. तात्या म्हणाला होता हुंगू नको. हुंगायचं नाही. तिनं पदराचा बोळा नाकाला लावला आणि डोळे मिटून देवाचं नाव घेत बसली. बघा! खिंडीत वासाकडं लक्ष दिलं नाही म्हणून वाचली, तेच आता जीव घेणार होतं!

पोर खोकलं. एवढंसं.

साळूबाईनं डोळे उघडले. आणि हीटरसमोर दोन हात होते.

ऐकताय ना? नुसते हात. कोळशासारखे काळे, बोटं वाळलेली, तळवे दांड्यांकडं केलेले. आपण शेकतो तसे. शेकत होते. थरथरत होते.

"बय," आवाज आला. "बंद नको गं करूस. थंडी वाजती."

साळूबाईनं वैजाकडं बघितलं. वैजाचे ओठ मिटलेले. ती झोपेत.

साळूबाई मला सांगायची, त्या वेळी मी जागची हलले नाही. फक्त डोकं चालत होतं. आणि डोक्यात एकच आलं. खिंडीतला वास एका जागी नव्हता. हा एका जागचा आहे. कोपऱ्यातला. बाजेखालचा. तिनं हात लांब केला, ते काळे हात चुकवून, आणि प्लगजवळच्या भिंतीला तळवा लावला.

भिंत तापलेली! चटका बसावा अशी!

भुताचा जाळ गार असतो. हा गार नव्हता. हा खरा होता.

"वैजे, ऊठ!" ती ओरडली. पोर उचललं, छातीशी धरलं. वैजाचा दंड धरून तिला बाजेवरनं ओढलं. बाजेखाली बघितलं तर हीटरची वायर पुरली नाही म्हणून उत्तमनं बारीक वायरचा बोर्ड जोडलेला, आणि ती वायर गोधडीच्या घडीखालनं नेलेली. गोधडीतनं धूर. बोर्ड वितळून प्लगला चिकटलेला. त्यातनं निळी ठिणगी, आणि मग भप्पकन जाळ!

वैजानं पाण्याचा तांब्या उचलला.

"पाणी नको! करंट लागून मरशील! बाहेर हो! मेन कुठाय?"

"पडवीत, दाराच्या वर!"

साळूबाईनं पोर वैजाच्या हातात दिलं, दोघींना बाहेर ढकललं, आणि पडवीतलं मुसळ घेऊन मेन स्विच खाली पाडला. घर अंधारलं. ती परत आत गेली. राख घ्यायला, चुलीतली, जाळावर टाकायला. कुठून आलं ते धाडस, तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

खोलीत हीटरच्या दांड्या अजून लाल होत्या. हळूहळू विझत होत्या. त्या उजेडात हातांच्या मागं तोंड दिसलं. तरुण होतं म्हणाली. वैजाच्याच वयाचं. ते साळूबाईकडं बघत नव्हतं. दांड्यांकडं बघत होतं. दांड्या विटकरी झाल्या, काळ्या झाल्या, आणि अंधारात कुणीतरी हुंदका दिला. लहान मुलाच्या हातातलं काढून घेतल्यावर देतात तसा.

साळूबाईनं राख ओतली. एक घमेलं, दुसरं घमेलं. गोधडी विझली. धूर घशात गेला तेव्हा रांगत बाहेर आली आणि अंगणात आडवी झाली. वैजानं तिला आणि पोरीला एकाच घोंगडीत घेतलं. दवात, उघड्यावर, तिघी जणी सकाळपर्यंत. पोरगी ठणठणीत राहिली. पुढं शिकली, नर्स झाली.

उत्तम सकाळी आला. कोळसा झालेला बोर्ड बघितला आणि उंबऱ्यावरच बसला. साळूबाई त्याला एवढंच म्हणाली, "जावईबापू, जाड वायर आणा. आन् फटीतले बोळे काढा." बाकीचं त्याला कधी सांगितलं नाही. वैजाला मात्र सांगितलं, कारण वैजानं विचारलं, "बय, आपण बाहेर पडल्यावर आत कोण रडत होतं गं?"

आता तुम्ही म्हणाल, करपाई वाईट. जीव घ्यायला आली होती. मला नाही तसं वाटत. तिला कुणाचा जीव नको. तिला ऊब पाहिजे. थंडी काही केल्या जात नाही बिचारीची, आणि जिथं बाळंतीण, जिथं लाल विस्तव, तिथं ती शेकायला बसते, आणि ती बसली की विझू देत नाही. म्हणूनच तिची भीती जास्त. वैऱ्याला हाकलता येतं. गारठलेल्याला कसं हाकलायचं?

तेव्हा पोरींनो, भट्टीच्या वाटेनं जाऊ नका. रात्री नाही, दिवसाही नाही, आता तिथं पायऱ्या केल्यात म्हणतात, तरी नाही. घाई कितीही असू दे. गाडीरस्ता धरा, वळसा घ्या, दारात पायावर पाणी घ्या. उशिरा पोचा.

पण एकट्या पोचा.